रिकाम्या पाकिटांचा नियम

“रिकामी पाकिटं आधी. नाव मग.”

हे माझं वाक्य. कोळदऱ्याच्या शाळेपुढं लिंबाखाली गाडी लागली की पहिलं हेच. त्या मंगळवारीही मी गाडीच्या पायरीशी टेबल टाकून बसले होते, आणि भामाबाईंच्या पिशवीतून गोळ्यांचं एक अर्धं भरलेलं पाकीट निघालं.

“हे काय?”

“राह्यलं, ताई. भाचीच्या लग्नाला गेलते ना सिल्लोडला. तिथं गडबडीत कुठं ध्यानात ऱ्हातंय.”

“जेवण ध्यानात राहिलं, गोळी नाही राहिली? व्हा मागं. शेवटी उभ्या राहा.”

रांग हसली. भामाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या आणि निमूट मागं गेल्या. सत्तरीची बाई, एप्रिलचं ऊन, आणि पुढं चाळीस माणसं. मला त्याचं काही वाटलं नाही. रोजचंच होतं ते.

माझं नाव विशाखा. राहते पडेगावला. नर्स म्हणून सत्तावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा या फिरत्या दवाखान्यात. एका ट्रस्टची गाडी आहे. मिनीबसच्या सीटा काढून आत दवाखाना बसवलाय. तपासायचं टेबल बोल्टनं जमिनीला आवळलेलं, पायानं दाबायच्या नळाचं बेसिन, ईसीजीचं मशीन, रक्ताच्या सात-आठ तपासण्या जागच्या जागी करणारी पेटी, ऑक्सिजनचा सिलिंडर, टपावर सोलरच्या प्लेटा आणि त्यावर चालणारा इन्सुलिनचा छोटा फ्रीज. औषधांच्या खणांना पट्टे आहेत. ते मी भांडून लावून घेतले. पहिल्याच फेरीत अजिंठ्याच्या घाटात खण उघडले आणि खोकल्याच्या सतरा बाटल्या फुटल्या. आठवडाभर गाडीला मुंग्या लागत होत्या.

ऑफिसनं दिलेली यादी चौऱ्याऐंशी वस्तूंची. माझी शंभराच्या वर जाते. बीपी बघायचा लहान मुलांचा पट्टा मी नेहमी जास्तीचा घेते, कारण इकडच्या म्हाताऱ्यांचे दंड पोरांएवढेच असतात, मोठा पट्टा बांधला तर आकडा खोटा येतो. गाडीची पायरी उंच पडते म्हणून लाकडी पाट. बायकांना तपासताना आडोशाला दोन जुनी लुगडी. वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढलेल्या कागदी पुड्या. आमचा ड्रायव्हर गोकुळ फुलंब्रीचा, तो पहाटे गाडी भरताना म्हणायचा, “ताई, आता फक्त पाटावरवंटा राह्यला, तोबी घ्या.” मी म्हणायचे, “तू गाडी चालव.” पण खरं सांगायचं तर मला अभिमान होता. शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते, तिथं मागितलेली वस्तू माझ्या गाडीत नाही असं कधी झालं नव्हतं.

पाकिटांचा नियमही माझाच. सुरुवातीला लोक गोळ्या न्यायचे आणि देवळीत ठेवून द्यायचे. बरं वाटलं की बंद, आठवण झाली की एक, शेजारणीला डोकेदुखी झाली की तिला एक. मग मी ठरवलं. आम्ही दर चौथ्या मंगळवारी येतो, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी. चौदा गोळ्यांची दोन पाकिटं. ती रिकामी आणून दाखवायची, तरच नवी. ज्याचं पाकीट भरलेलं निघेल त्यानं रांगेत शेवटी उभं राहायचं. वर्षभरात शंभरातली नव्वद माणसं रिकामी पाकिटं आणायला लागली. ऑफिसातले आमचे श्रीरंग सर खूश झाले. ट्रस्टच्या सहा गाड्यांसाठी एक पुस्तिका छापायची चालली होती, त्यात हा नियम घालायचा, खाली माझं नाव, असं त्यांनी ठरवलं. मी घरी भावजयीला फोन करून सांगितलं होतं. का खोटं बोलू?

आणि कोळदऱ्यातला माझा पहिला नंबर म्हणजे कडुबामामा.

वय सहासष्ट. वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर आयुष्य गेलेलं, आता सहा शेळ्या आणि बायको केसरबाई. दवाखान्याच्या दिवशी गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा घालून यायचे. हळू आवाजात “जयभीम, ताई,” म्हणायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली पाकिटं माझ्यापुढं ठेवायचे. सगळी रिकामी. वर्षभर एकदाही चुकले नाहीत. मी ती पाकिटं हातात धरून रांगेला दाखवायचे. “बघा. असं असतं. शिका जरा.”

सुरुवातीला मात्र तसं नव्हतं. अगदी पहिल्या महिन्यात त्यांनी दोन्ही पाकिटं जवळजवळ भरलेली परत आणली होती. म्हणाले, “चक्कर येती, ताई. दोनच खाल्ल्या. झाडावर चढलो का डोळ्यापुढं अंधारी येती.” शेळ्यांसाठी ते अंजनाच्या झाडाचा पाला तोडायचे. मी म्हणाले होते, “मामा, चक्कर गोळी खाऊन येत नाही, न खाऊन येते.” आणि मग जरा पुढं वाकून मीच हळू म्हणाले होते, “आपल्यातल्या माणसानं तरी असं अडाण्यासारखं करू नये.” मग त्यांनाही शेवटी उभं केलं. दीड-दोन तास ते उन्हात उभे होते.

पुढच्या महिन्यापासून पाकिटं रिकामी. मला वाटलं, माणूस सुधारला.

तर त्या मंगळवारी मामा पहिले आत गेले. आमचे डॉक्टर हिमांशू अठ्ठावीस वर्षांचे, हुशार मुलगा. त्यांनी बीपी घेतलं, परत घेतलं, मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधून तिसऱ्यांदा घेतलं.

“सिस्टर, एकशे नव्वदच्या खाली येत नाही. दोन वेळा डोस वाढवला, दुसरी गोळी जोडली, दोन्ही आता पूर्ण डोसवर आहेत. हे नियमानं घेतात ना?”

“डॉक्टर, जगात एक माणूस नियमानं गोळी घेत असेल तर हे.”

“मग किडनीची तपासणी लागेल. शहरात बोलवू. तोवर ही तिसरी देतो. नवीन आहे, पहिल्यांदा चक्कर येऊ शकते, झोपतानाच घ्यायला सांगा.”

मी तसंच सांगितलं. नवीन गोळी चंद्राच्या पुडीत घातली, नीट दोनदा समजावून सांगितलं. कामात मी कच्ची नव्हते. पण जुन्या दोन गोळ्या रोजच्याच होत्या. आधीचं पाकीट काल संपलेलं, म्हणजे आजच्या दोन घ्यायच्या बाकी होत्या. माझ्या डोक्यात आलं, भामाबाईसारख्या लोकांना जरा दाखवावं. मी दोन्ही गोळ्या फोडून मामांच्या तळहातावर ठेवल्या आणि स्टीलचा पेला भरला.

“या मामा, सगळ्यांपुढं घ्या. कळू दे लोकांना.”

“घरी घेतो ना, ताई. जेवून.”

“बिस्किटं आहेत माझ्याकडं. ही खा दोन. उपाशी पोटी नको.”

त्यांनी बिस्किटं खाल्ली, सावकाश. मग हातातल्या गोळ्यांकडं बघत राहिले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रांगेकडं. रांगेत फकिरा होता, मामांच्या शेजारचा, तोंडाळ गडी. तो ओरडला, “घ्या की बाबा! तुमचा तर पैला नंबर हाय!”

मामांनी गोळ्या तोंडात टाकल्या आणि पेलाभर पाणी प्यायले. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. रांगेनंही वाजवल्या. मामा थोडं हसले, टोपी सारखी केली आणि घराकडं निघाले.

दीडच्या सुमाराला आम्ही आवरत होतो. गोकुळ ताडपत्री गुंडाळत होता. तेवढ्यात फकिरा धावत आला, पायात चप्पल नाही.

“ताई, बाबा पडले! अंजनावरून पडले!”

त्यांना बाजेवर घालून आणलं. मागं केसरबाई, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात त्यांची टोपी. मामा शुद्धीवर होते, पण चेहरा मातीच्या रंगाचा आणि अंगाला गार घाम. डावा पाय विचित्र वळला होता. मी आणि डॉक्टरांनी त्यांना टेबलावर घेतलं. पट्टा बांधला.

“ऐंशी आणि पन्नास,” मी म्हणाले. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. परत घेतलं. तेच.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, डोकं बघितलं, छाती ऐकली. “आतून रक्त जातंय असं वाटत नाही. मामा, आधी काय झालं? पाय घसरला?”

“अंधारी आली,” मामा म्हणाले. “फांदीवर व्हतो. मंग काय झालं ठावं नाय.”

१०८ ला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, यायला तासभर लागणार होता. आमची गाडी दवाखाना, अँब्युलन्स नव्हे; पेशंट न्यायचा नाही असा ऑफिसचा नियम. डॉक्टर म्हणाले, “गोकुळ, काढ गाडी. सोयगावच्या सरकारी दवाखान्यात घे.” मी शीर शोधून सलाईन लावलं, पाय उंच केले, मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी खोक्यांचे पुठ्ठे बांधले. ऑक्सिजन होता, सलाईन होतं, सुया होत्या, सगळं जिथल्या तिथं होतं. माझा हात कुठंही अडला नाही.

गाडी हलली. डॉक्टर परत म्हणाले, स्वतःशीच म्हटल्यासारखं, “सकाळी एकशे नव्वद होतं. जो माणूस रोज याच गोळ्या घेतो, त्याचं एका दिवसात इतकं उतरेल कसं?”

केसरबाई खाली पत्र्यावर बसल्या होत्या, टेबलाचा पाय धरून. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“रोज नाय घेत ते. आजच घेतल्या.”

“म्हणजे?”

“वरीस झालं, ताई. गोळ्या फोडून डब्यात टाकत्यात आन् पाकिटं तुमाला आनून देत्यात. चहाचा डबा हाय, भरलाय.”

“केसर,” मामा डोळे मिटूनच म्हणाले, “गप ऱ्हा.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते सलाईनच्या थेंबांकडं बघत होते. मला एकदम सगळं कळलं. डोस वाढले होते ते माझ्या पाकिटांवर विश्वास ठेवून. ज्या माणसाला सगळ्यात छोटी गोळी सोसली नव्हती, त्याला मी सकाळी दोन मोठ्या गोळ्या गिळायला लावल्या होत्या, चाळीस माणसांपुढं, टाळ्या वाजवून. आणि त्यांना एवढंही म्हणता आलं नव्हतं, की ताई, मी घेत नाही. म्हणाले असते तर मी काय केलं असतं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

गाडी खड्ड्यातून जायची तेव्हा ते दात आवळायचे. सोयगाव दिसायला लागलं तसं त्यांनी माझा हात धरला.

“ताई, गावात नका सांगू. लोक मानत्यात मला.”

“नाही सांगत, मामा.”

“डागदरलाबी सांगा, बोलू नका म्हनून.”

“तेही नाही सांगणार.”

सोयगावला पोचेपर्यंत बीपी वर आलं. खुबा मोडला होता, तिथून त्यांना शहरात आणलं. मी रोज ड्युटी संपली की वॉर्डात जायचे. जाताना ठरवायचे, आज माफी मागायची. आणि सफरचंदं ठेवून, केसरबाईंना चहा पाजून परत यायचे. सत्तावीस वर्षं दुसऱ्याला बोलण्यात गेली, स्वतःचं सांगायची जिभेला सवयच नव्हती. मामाच मला म्हणायचे, “दमला असाल ताई, जा घरी.” एकदा म्हणाले, “फकिराला शेळ्यांचं जमंल का नाय कुणास ठाऊक. एक गाभण हाय.”

आठव्या दिवशी संध्याकाळी मी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “मामा, चक्कर येते असं तुम्ही मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.”

ते छताकडं बघत होते.

“व्हय,” म्हणाले. “सांगितलं व्हतं.”

एवढंच. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही की उठा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना होतं असं.

कागदावर काय आलं? झाडावरून पडून खुब्याचं हाड मोडलं. यात खोटं काही नव्हतं. कुणी मला विचारलं नाही, कुणी विचारणारही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात श्रीरंग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पुस्तिकेची कच्ची प्रत होती. चौथ्या पानावर माझा नियम, चौकट करून. मी सगळं सांगितलं. आठ दिवस सांगता आलं नव्हतं ते तिथं दहा मिनिटांत सांगून झालं.

सरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही. “विशाखाताई, वाईट झालं. पण तुम्ही असा दोष घेऊ नका स्वतःकडं. डोस डॉक्टरांनी दिला होता, आणि लपवलं पेशंटनं. एका माणसासाठी चांगला नियम टाकायचा का?”

“एक माणूस आपल्याला कळला, सर. बाकीचे किती डबे भरताहेत ते कुठं माहिती आहे?”

“मग औषध घेतलं की नाही ते कळणार कसं?”

“विचारून.”

“ते तर आपण विचारतोच.”

“मी विचारत नव्हते. मी तपासत होते. तेही सगळ्यांपुढं.” माझा आवाज चढला. सवय जात नाही. “पान काढा ते. निदान माझं नाव तरी काढा.”

मग सर वही ओढून म्हणाले, “बरं, गाडीत काही वाढवायचं असेल तर सांगा. यादी नव्यानं करतोच आहोत.”

“एक खुर्ची.”

“खुर्ची?”

“पेशंटला बसायला. आत, दार लावून. आपल्या गाडीत तपासायला टेबल आहे, झोपवायला जागा आहे. नुसतं बसून बोलायला काहीच नाही.”

गोकुळनं खोक्यांची मांडणी एक हात सरकवली आणि बेसिनपाशी घडीची खुर्ची बसवली. गंमत केली नाही त्या दिवशी. नुसतं म्हणाला, “ताई, हलत नाय बगा. बसून बगा.”

कोळदऱ्याची पुढची फेरी आली त्या मंगळवारी पोचल्यावर मी आधी केसरबाईंकडं गेले. त्या शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत होत्या. मला बघून उठल्या, आत गेल्या आणि तो डबा घेऊन आल्या.

“घ्या, ताई. चांगल्या हायेत. एकबी वाया घालवली नाय त्यांनी. कुनाच्या तरी कामाला येतील.”

डबा काठोकाठ भरला होता. पांढऱ्या, पिवळ्या, छोट्या, मोठ्या, सगळ्या एकात एक. त्यातली एकही आता कुणाच्या कामाची नव्हती. मी ते सांगितलं नाही. दोन्ही हातांनी डबा घेतला.

“फेकून का नाही दिल्या त्यांनी?”

“औषद फेकावं व्हय? तुमी इतक्या लांबून आनता. ते म्हनायचे, ताई माया करती, पर बोलती लई. वरडली का आतडं तुटतं. म्हनून मंग...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि करडाच्या तोंडात परत बाटली दिली.

मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. तिथंच ओट्यावर बसले. “केसरबाई, मला रांगेत सांगायचंय. अजून कुणी असं करत असेल, तर त्याचंही असंच होईल. पण मामांना मी शब्द दिलाय.”

करडानं बाटली संपवली. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “त्यांच्या डब्याचं ऱ्हाऊ द्या, ताई. तुमचं सांगा.”

लिंबाखाली रांग लागली होती. हातात पिशव्या, पिशव्यांत पाकिटं. मी टेबलाशी बसले नाही. उभी राहिले.

“थांबा जरा. बोलायचंय.” माझा तो नेहमीचा आवाज निघेना. मागच्यांना ऐकू जाईना म्हणून फकिरा ओरडला, “मोठ्यांदा बोला, ताई!”

“कडुबामामांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की गोळीनं चक्कर येते. मी ऐकलं नाही. वर त्यांना उन्हात उभं केलं, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी मी त्यांना ज्या गोळ्या घ्यायला लावल्या, त्यांनी त्यांचं बीपी फार उतरलं आणि ते झाडावरून पडले. त्यांची काही चूक नव्हती. माझी होती.”

एका बाईनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. फकिरा माझ्याकडं बघत होता. त्यानंच ओरडून ‘घ्या’ म्हटलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं असावं. त्याची मान खाली गेली.

“म्हंजी गोळ्यांनीच मेला त्यो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मंग खायच्याच कशाला?” दुसरा आवाज.

“खायच्या,” मी म्हणाले. “ज्याला बीपी आहे त्यानं खायच्याच. पण सोसत नसेल तर दुसरी मिळते, कमी मिळते. ते मला सांगायचं. खाल्ली नसेल तर नाही खाल्ली म्हणायचं. आता कुणालाही शेवटी उभं करणार नाही. पाकिटं दाखवायची नाहीत.”

दोघं जण रांगेतून निघाले आणि मागं न बघता गावात गेले. त्यांना अडवायला माझ्याकडं तोंड नव्हतं. एरवी मी गल्लीपर्यंत मागं गेले असते. बाकीचे उभे राहिले, पण कुणी पुढं येईना. पिशवीतून पाकीट काढायचं की नाही तेच कुणाला कळेना. गोकुळ गाडीला टेकून जमिनीकडं बघत होता. डॉक्टर दारात उभे होते.

“ताई.” भामाबाई होत्या. हळूच पुढं आल्या, इकडं तिकडं बघितलं. “आत येऊ का? पर दार लावा.”

त्यांना पाटावरून वर घेतलं. खुर्चीवर बसवलं. डॉक्टर न सांगता खाली उतरले. मी दार ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर औषधाच्या खोक्यावर बसले. आत उकडत होतं. फ्रीजचा आवाज तेवढा येत होता.

भामाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

“वरडनार नाय ना?”

“नाही.”

त्यांचा विश्वास बसला नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या, डोळे बारीक करून. मी घड्याळ बघितलं नाही, पेन उचललं नाही. हात मांडीवर ठेवून त्या कधी बोलतात त्याची वाट बघत बसले.